मेलिस आकेची जीभ

मेलिस आकेच्या, म्हणजे मेलिसदादाच्या, तिटकाऱ्याची एक उतरंड होती. अगदी तळाला नस खाणारे. तंबाखूचा हिरवा चुरा जिभेखाली दाबून तासभर मुक्यासारखे बसणारे, आणि मग गाडीच्या खिडकीतून पचकन थुंकणारे. त्यांच्यावर सिगारेटवाले. त्यांच्या कोटाला, मिश्यांना, बायकापोरांनासुद्धा तोच एक वास. त्यांच्यावर विटेएवढं वेपचं यंत्र गळ्यात अडकवून चौकात ढग सोडणारे. त्यांना तो 'इंजिनं' म्हणायचा. आणि सगळ्यांत वर, तिटकाऱ्याच्या शेंड्यावर, त्या रंगीत नळ्या ओढणारी मंडळी. गुलाबी, पोपटी, लिपस्टिकसारख्या नळ्या. रस संपला की फेकायच्या, आतली तापणारी तार, म्हणजे कॉइल, बदलायची सोयच नाही. "ज्याला स्वतःची कॉइल बदलता येत नाही त्याने तोंडात काही धरूच नये," असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे. मेलिस आके काही बोलला की हसायची लोकांना चौदा वर्षांची सवय होती.

चौदा वर्षं तो कुमीस चाखत होता. शहराबाहेर एक उपचारगृह होतं. छातीची, पोटाची दुखणी घेऊन माणसं तिथे महिना महिना राहायची आणि दिवसाला तीन-तीन लिटर कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायची. ते कुठल्या कुरणातून, कुणाच्या पखालीतून यायचं हे मेलिस ठरवी. जूनच्या सुरुवातीला तो सुसामीरच्या पठारावर जाई, तीन तंबूंतलं चाखी, आणि जे पसंत पडेल त्या पखालीच्या गळ्याला लाल फीत बांधून येई. फीत बांधली की त्या घराचा उन्हाळा मार्गी लागला. पहिला घोट तोंडात घोळवूनच तो सांगे, पखालीला धुरी कशाची दिली आहे, ताबिल्गीच्या झुडपाची की चिडाच्या काटक्यांची, आणि किती दिवसांपूर्वी. यात कधी चूक होत नसे. जीभ देवाने दिलेली होती. मेलिसला वाटे, आपण कमावली.

त्या वर्षी ती जीभ मेली होती.

सहा आठवडे होऊन गेले होते. वेप ओढणाऱ्यांत हे काही नवं नाही. एकच चव रात्रंदिवस ओढली की जीभ रुसते. भरपूर पाणी प्यायचं, लिंबू चोखायचं, रस बदलायचा, की दोन-तीन दिवसांत येते परत. हा उपाय मेलिसने कितीतरी नवशिक्यांना नाक मुरडून सांगितला होता. आता त्याने स्वतः लिंबं चोखली, आलं चावलं, नेहमीचा बर्फाळ पुदिना सोडून आठवडाभर पेरूचा रस ओढला. पेरू लागला नाही, आलं लागलं नाही, ना जिभेला ना नाकाला. बायकोने केलेल्या मटणात मीठच नव्हतं आणि तो चाटूनपुसून जेवला, तेव्हा ती बघतच राहिली. एक उपाय तेवढा केला नाही. तो थांबला नाही. मेलिसने आयुष्यात नमाज चुकवली, रोजे चुकवले, आईच्या वर्षाच्या जेवणाला तो पाहुणे हात धुऊन उठल्यावर पोचला. पण दर दहा मिनिटांच्या झुरक्याचा नेम त्याने कधी मोडला नाही.

आणि उपचारगृहाच्या संचालकाने वसंतातच सांगून ठेवलं होतं, "मेलिस आके, तुमची जीभ आहे म्हणून तुम्ही आहात. नाहीतर चाखायला यंत्रं निघालीत." तेव्हा मेलिस हसला होता.

घाट सुरू व्हायच्या आधी त्याने कुबातला गाडी थांबवायला लावली. कुबात हा उपचारगृहाचा ड्रायव्हर, चाळिशीचा, गलेलठ्ठ. त्याच्या जिभेखाली नस होताच.

"आता काय?" कुबात तोंड न उघडता बोलला.

"आता शहाण्या माणसाचं काम. तू बघू नकोस, तुला कळायचं नाही."

मेलिसचं यंत्र काडेपेटीपेक्षा जरा लांब, काळं, कडांना घासून धातू उघडा पडलेलं. त्याने पॉड, म्हणजे त्यातली रसाची कुपी, काढला आणि उन्हाकडे धरून पाहिला. अर्धा रिकामा. अर्धा रिकामा पॉड घाटात न्यायचा नसतो. वर हवा विरळ होते, आतली हवा फुगते आणि रसाला खालून बाहेर ढकलते. नवशिके नेमके तसाच खिशात टाकतात आणि वर पोचल्यावर शर्ट चिकट झाला म्हणून बोंबलतात. मेलिसने बाटलीतून रस काठोकाठ भरला, बूच दाबलं, पॉड रुमालात उलटा गुंडाळून वेगळा ठेवला. कॉइलभोवतीचा कापूस नीट भिजेपर्यंत ओढायचं नाही, हेही तो शिस्तीने पाळत असे.

"एवढ्यात माझा नस खाऊनसुद्धा झाला असता," कुबात म्हणाला.

"गाढवाचंही चरून झालं असतं. म्हणून काय गाढवाचा सल्ला घ्यायचा?"

कुबात खी खी हसला आणि थुंकला. त्याला कशाचा राग येत नसे. मेलिसला तेही आवडत नसे.

पण पहिल्या दोन तंबूंत मेलिसने काम भागवलं ते या गाढवाच्या तोंडाकडे बघूनच. युक्ती सोपी होती. यजमानीणबाई वाट्या भरी. मेलिस आपली वाटी ओठाला लावी, डोळे मिटल्यासारखे करी, आणि पापणीच्या फटीतून कुबातकडे बघे. पिण्यापूर्वी कुबात नस थुंकून, चूळ भरून येई. एवढी रीत त्याला होती. आणि त्याचा चेहरा म्हणजे उघडं दार. पहिल्या तंबूत त्याच्या भुवया जवळ आल्या, तेव्हा मेलिस म्हणाला, "आंबवण घाईत झालंय." दुसऱ्या तंबूत चेहरा नुसताच राहिला, तेव्हा मेलिस म्हणाला, "वाईट नाही. पण आत्मा नाही." दोन्ही घरांनी मान खाली घातली. बाहेर पडल्यावर कुबात म्हणाला, "आके, माझ्या मनातलंच बोललात बघा." गाढव आपल्या मनातलं बोलतंय की आपण गाढवाच्या, हा विचार त्याने झुरक्याबरोबर गिळून टाकला.

तिसरा तंबू ऊलकान आपाचा. आपा सत्तरीची, विधवा, तेरा घोड्यांची मालकीण. दर चौथ्या दिवशी पहाटेची नमाज झाली की ती पखाल उलटी करून तिला ताबिल्गीची धुरी द्यायची, आणि धुरी संपेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. हा तिचा नेम सासूकडून आला होता. गेल्या चौदांपैकी नऊ वर्षं लाल फीत तिच्याच पखालीला होती. यंदा मात्र वसंतात चार घोड्या गेल्या होत्या, मुलगा परदेशी कामाला होता, आणि घरात दोनच बाया उरल्या होत्या. आपा आणि तिची सून जिदेगुल. फीत हुकली तर सप्टेंबरात उरलेल्या घोड्यांतल्या निम्म्या विकाव्या लागणार, हे पठारावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"ये, बालाम, बाळा माझ्या," आपाने मेलिसला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. कुबात दाराशी टेकला. जिदेगुलने आधी चहा दिला, वाटीच्या तळाशी चार घोट, रीतीप्रमाणे. चार घोट म्हणजे बसा, आम्ही पुन्हा ओतू, आम्हाला ओतायला आवडतं. पाहुणा नकोसा झाला की वाटी काठोकाठ भरून देतात. एवढी प्या आणि निघा.

"यंदाही सांगशील ना, धुरी कशाची ते?" आपाने विचारलं.

"जीभ सांगेल, आपा. मी कोण?"

आपा बोळक्या तोंडाने हसली. "रवी अजून दोनशे वेळा फिरायची आहे. तोवर पाय मोकळे करून ये."

मेलिस तंबूच्या मागे गेला, तर तिथे जिदेगुल. एका हातात चुलीसाठी गोवऱ्या, दुसऱ्या हातात गुलाबी नळी, ओठांशी. नळीवर टरबुजाच्या फोडीचं चित्र. त्याला बघून तिने हात पाठीमागे नेला.

"लपवू नकोस. वाफ काय पाठीमागे जाते?"

"आपांना सांगू नका हं, आके. त्यांचं नाक फार तिखट आहे. मी जपून असते."

"मी कशाला सांगू? पण लाज कशी वाटत नाही गं तुला? ओढण्याची नव्हे. हे असलं ओढण्याची!" मेलिसने आपला पॉड काढला, एकदा अर्ध्या दमाने ओढला, इतका सावकाश की बाहेर जवळजवळ काही आलंच नाही. "हे बघ. गरम चहा प्यावा तसं ओढायचं. तुम्ही लोक म्हशीने पाणी ओढावं तसं ओढता, कापूस जाळता, आणि मग म्हणता घसा खवखवतो."

"आम्हाला इथे कॉइल कोण आणून देणार?"

"मग नाही ओढायचं. भिकाऱ्याने पुलाव मागू नये."

जिदेगुलचे कान लाल झाले. पण ती म्हणाली, "आता भेटलोच आहोत, तर रीत पाळा. तुमचा एक मला, माझा एक तुम्हाला."

ही वेपवाल्यांची रीतच आहे. दोघं भेटले की एकमेकांचा एकेक झुरका घ्यायचा आणि चव ओळखायची. मेलिसने आपला पॉड पुसून दिला. तिने ओढला आणि लगेच म्हणाली, "पुदिना. आणि बर्फ. बाई गं, दात गारठले." मग त्याने दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तशी, ती गुलाबी नळी धरली. एक झुरका घेतला. नळीच्या बुडाशी केसांच्या चिमट्याने उचकटल्याची खूण होती. एरवी ती त्याच्या नजरेतून सुटली नसती, पण तो चित्राकडे बघत होता.

"टरबूज," तो म्हणाला. "तेही स्वस्तातलं. साबणाच्या पाण्यात साखर ढवळलेली."

"फार गोड आहे का?"

"घशाशी आलं."

जिदेगुलने एकदा नळीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तिने नळी घेतली, गोवऱ्या उचलल्या, आणि म्हणाली, "बरं, आके. चला, कुमीस झाला असेल." तिच्या आवाजातून मघाची लाज पार निघून गेली होती. मेलिसला वाटलं, बोलणं लागलं वाटतं मनाला. बरं झालं. त्याने लागोपाठ सहा झुरके घेतले आणि तो आत आला.

आपा पखालीपाशी बसली होती. तिने रवी बाजूला ठेवली. ओतायचं काम सुनेचं. जिदेगुल पखालीतलं भांड्यात काढून, वाट्या घेऊन पडद्याआड गेली, आली, आणि तीन वाट्या तिघांपुढे ठेवल्या. मेलिसची निळ्या नक्षीची, पाहुण्याची. पांढरं, फेसाळ, वर बुडबुडे. कुबात बाहेर जाऊन नस थुंकून, दोनदा चूळ भरून आला होता.

मेलिसने वाटी ओठाला लावली. आंबटपणाची एक टोचणी जिभेच्या कडेला लागली. ती कुठल्याही कुमीसात लागते. बाकी नेहमीचंच, ओली भिंत चाटावी तसं. त्याने पापण्या मिटल्या आणि फटीतून कुबातकडे पाहिलं.

कुबातचा चेहरा उजळत गेला. आधी भुवया वर गेल्या, मग गाल, मग तो मांडीवर थाप मारून "ओय, आपा!" म्हणाला आणि उरलेलं एका दमात पिऊन गेला.

मेलिसला सुटल्यासारखं झालं. त्याने वाटी खाली ठेवली नाही, तशीच हातात तोलली, चौदा वर्षं तोलत होता तशी. "आपा," तो म्हणाला, "असा कुमीस मी पाच वर्षांत चाखला नव्हता. रेशमासारखा उतरतोय." चुलीपाशी ताबिल्गीच्या तांबूस काटक्यांचा ढीग होता, तो त्याने आत येतानाच पाहून ठेवला होता. "धुरी ताबिल्गीची. दोन दिवसांपूर्वीची. बदामासारखी चव मागे राहते."

आपाच्या नाकपुड्या हलल्या. ती सावकाश उठली, मेलिसपाशी आली, त्याच्या हातातली वाटी घेतली आणि नाकाखाली धरली. मग सुनेकडे वळली.

"सूनबाई, हे कशातलं?"

"पडद्यामागच्या निळ्या पिंपातलं, आपा."

"कुठल्या निळ्या पिंपातलं?"

"कातडी भिजत घातलीत ना, त्याच्या शेजारचं. उरलेलं."

कुबातने आपाच्या हातातल्या त्या वाटीत डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि तोंडावर हात धरून मागे सरकला. गेल्या सप्टेंबरपासून ते दूध प्लास्टिकच्या पिंपात आंबत होतं, कातडं कमवायला. माणसांनी प्यायचं ते नव्हतंच.

"पाहुण्याला?" आपाचा आवाज चढला नाही, पण जिदेगुलने मान खाली घातली.

"माझं चुकलं, आपा. आणखी एक चुकलंय, तेही आजच सांगते." तिने खिशातून गुलाबी नळी काढून पोळ्या मांडलेल्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, ठेवली. "मी हे ओढते. तुम्हाला गोड वास येऊ नये म्हणून उचकटून यात बिनचवीचा रस भरला आहे. कसलीच चव नाही त्याला. आकेंनी आत्ता तंबूमागे ओढलं, आणि म्हणाले टरबूज. म्हणाले साखर फार झाली." ती थांबली. "मग मला भीती वाटली. याच जिभेने हे आपल्या घराचा उन्हाळा ठरवणार होते."

"उद्धट पोरगी!" मेलिस उठायला लागला. "आपा, ही वाफ आहे. नुसती वाफ, धूर नव्हे. एक झुरका घेतल्यावर थोडा वेळ कुणाचीही जीभ..."

"धूर नव्हे म्हणतोस?" आपा म्हणाली. "बरं झालं. धुराचं नाव तरी वाचलं."

कुबातला हसू आवरेना. त्याने खोकल्यात घालवलं.

आपाने नळीकडे पाहिलं, उचलली, आणि सुनेच्या हातात परत दिली. "हे मला वसंतातल्या नूरुझच्या सणापासून माहीत आहे. चव नसली म्हणून वास नसतो होय? आपलं आपण दोघी बघू, पाहुण्यांसमोर नको." मग ती मेलिसकडे वळली. "किती दिवस झाले?"

मेलिसने पोळीचा एक तुकडा मोडला.

"माझ्या आधीच्या दोन घरांत काय सांगून आलास?"

कुबात त्याच्याकडे बघत होता, आणि त्या उघड्या दारासारख्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत होतं. सकाळपासूनचे दोन तंबू, त्याच्या भुवया, मेलिसच्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या. "म्हणजे आके," तो म्हणाला, "तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता?"

"तुझ्या तोंडात बघण्यासारखं आहे काय?"

"तेच म्हणतोय मी."

आपाने पखालीतून स्वतःच्या हाताने एक वाटी भरली आणि कुबातपुढे धरली. "तू सांग, बालाम. काय लागतं?"

कुबात भांबावला. "मी? मी नस खातो, आपा. मला काय कळतंय?"

"तू चूळ भरून आलास. घोट घे."

त्याने घोट घेतला, डोळे मिटले, या वेळी पार मिटले. "ताबिल्गी," तो म्हणाला. "आणि... धुरी कालची असेल. की परवाची? नाही, कालची. अजून जरा चरचरतेय." त्याने डोळे उघडले. "चुकलं का?"

"काल पहाटेची," आपा म्हणाली. "फीत कुणाकडे आहे?"

फीत मेलिसच्या खिशात होती. ती काढताना त्याच्या बोटांना आधी पॉड लागला, मग फीत. त्याने ती कुबातकडे फेकली, हातात न देता. कुबातने झेलली. पखालीच्या गळ्याशी गुडघे टेकून त्याने जाड बोटांनी गाठ मारली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"आता परत जाताना त्या दोन घरांत थांबा," आपा म्हणाली. "पहिल्यात सांगा, चाखणाऱ्याची जीभ खरी नव्हती. दुसऱ्यातही सांगा. माझा कुमीस चांगला आहे म्हणून त्यांचा वाईट ठरू दे, पण याच्या तोंडून नको."

मेलिसने मानाच्या जागेवर बसल्याबसल्याच चहाची वाटी पुढे केली. त्याला काही बोलायचं होतं. काहीतरी झणझणीत, चौदा वर्षं लोकांना हसवत आला तसं. शब्द जुळवायला चार घोटांचा वेळ पुरला असता. आपाने जिदेगुलकडे पाहिलं. जिदेगुलने किटली उचलली आणि ओतायला सुरुवात केली. तळ, अर्धी, पाऊण. थांबलीच नाही. चहा काठाला टेकला, काठावर फुगला, बशीत सांडला. तिने दोन्ही हातांनी, मान लववून, अत्यंत अदबीने ती वाटी मेलिसपुढे ठेवली.

ती उचलायचीही सोय नव्हती. मेलिस उठला.

दोन्ही घरांत कुबातच खाली उतरला आणि कुबातच बोलला. मेलिस काच वर करून बसून होता. दुसऱ्या घरची बाई गाडीपर्यंत आली, काचेतून त्याच्याकडे बघितलं, आणि बघून झाल्यावर परत गेली. शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं. मग गाडी घाटाला लागली. वळणावर वळण, कान बंद होत गेले, बोगद्याचं काळं तोंड वर दिसायला लागलं. कुबातने अजून नस तोंडात टाकला नव्हता.

"काय रे? संचालकांना काय सांगणार आहेस?"

"विचारलं तर जे झालं ते."

"आणि नाही विचारलं तर?"

कुबातने नाक वर करून हवा हुंगली. "आके, पुदिन्याचा वास येतोय."

मेलिसने खाली पाहिलं. छातीच्या खिशावर तळहाताएवढा ओला डाग पसरला होता. तंबूतून निघताना त्याने पॉड अर्धा रिकामा, लावलेल्या यंत्रासकट तसाच खिशात टाकला होता. रुमाल नाही, भरणं नाही, काही नाही. पहिल्यांदा घाट चढणारा पोरसवदा करेल, तसं. रस शर्टातून आत झिरपून पोटावर आला होता.

त्याने खिशात दोन बोटं घातली. चिकट झालेली बोटं बाहेर काढून, सवयीने, जिभेला लावली.

"खूप गळलंय का हो?" कुबातने विचारलं.

मेलिस बोटं जिभेवर धरून बसला होता. वाट बघत होता.